दहा किलोमीटरच्या आत

जानेवारीतल्या एका गार सकाळी मुखेडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर मोटारसायकल थांबली. तिच्यावरून एक उंच, सावळा माणूस उतरला आणि युरियाची जुनी गोणी त्याने थेट माझ्या टेबलाजवळ आणून ठेवली.

"काय आहे यात?"

"कावळे. सात."

"मेलेले?"

"जित्ते असते तर गोणीत बसले असते का, मॅडम?"

मी खुर्ची सरकवून उभीच राहिले. "हाताने उचलले?"

"मग कशानं उचलावं?"

"हातमोजे नाहीत, मास्क नाही..."

"गमछा होता की." त्याने गळ्यातला गमछा दाखवला. वर हसला.

मला हसू आलं नाही. आमच्या पशुधन पर्यवेक्षक विशाखाताईंना मी गोणी बाहेर न्यायला सांगितली आणि या गृहस्थांना नळावर उभं केलं. साबण लावा, कोपरापर्यंत. पुन्हा लावा. गमछा पिशवीत टाका. तो निमूटपणे सांगितलं ते करत होता. शर्ट खांद्यापर्यंत भिजला, थंडीने दात वाजायला लागले, तरी एका शब्दाने कुरकुर नाही.

"नाव?"

"रेवणसिद्ध बिरादार. वडतळ."

"धंदा?"

"लेयरचं शेड हाय. बावीसशे पक्षी."

माझं पेन थांबलं. अंडी देणाऱ्या बावीसशे कोंबड्या, आणि हा माणूस स्वतः मेलेले कावळे घेऊन सरकारी दवाखान्यात आला होता!

"हे कावळे बर्ड फ्लूचे निघाले तर काय होऊ शकतं, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत हाय," तो ओले हात झटकत म्हणाला. "म्हणूनच आणले. तळ्याच्या काठावर पडले होते. तिथं पोरं खेळत्यात."

मी डॉक्टर मालविका. नांदेडची. वडील वसंतराव, गणिताचे निवृत्त शिक्षक. मुखेडला पशुधन विकास अधिकारी म्हणून माझं दुसरं वर्ष चालू होतं. त्या दोन वर्षांत लोकांनी माझ्यापासून काय काय लपवलं, याचे किस्से मी रंगवून सांगत असे. आपण होऊन काही आणून देणारा माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते.

कावळे बर्फाच्या पेटीतून पुण्याला गेले, तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत. उघड्या हाताने पक्षी हाताळले म्हणून रेवणसिद्ध दहा दिवस देखरेखीखाली. रोज विचारपूस करायचं काम आरोग्य खात्याचं. गावच्या आशाताई करतही होत्या. पण मीही रोज संध्याकाळी फोन करायचे. खातरजमा म्हणून... असं मी विशाखाताईंना सांगितलं होतं.

"ताप?"

"न्हाई."

"खोकला?"

"न्हाई."

"डोळे लाल?"

"थांबा, आरशात बघून सांगतो... न्हाई. पण मॅडम, भूक लागून नाही राहिली."

"हे लक्षण यादीत नाही."

"मग यादी अर्धवट हाय तुमची."

फोन ठेवल्यावर वहीत मी 'लक्षणे नाहीत' असं लिहायचे. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की सहा वाजायच्या आधीच माझं लक्ष घड्याळाकडे जातंय.

अहवाल आला. कावळ्यांना बर्ड फ्लूच होता. तळ्याभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर निगराणीखाली आला. गावोगावची शेड, परसातल्या कोंबड्या, तळ्यावरचे बगळे आणि बदकं, सगळ्यांवर लक्ष ठेवायचं. नमुने घ्यायचे, पाठवायचे, वाट बघायची. तूर काढून झाली होती, ज्वारी हुरड्यात आली होती. विशाखाताई आणि मी जीपमधून वणवण फिरत होतो.

वडतळला दर तीन-चार दिवसांनी जावंच लागे. अंगभर पांढरा किट, मास्क, गॉगल. रेवणसिद्धलाही तोच वेश. तो कोंबडी धरायचा, मी घशातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचे. पाऊण हाताच्या अंतरावर आम्ही दोघे, आणि एकमेकांचे फक्त डोळे दिसत.

"तुम्ही अंडी रोज किती खाता?" एकदा मी सहज विचारलं.

"आम्ही लिंगायत, मॅडम. अंडं खात न्हाई. विकतो."

"चव माहीत नसलेला माल विकता?"

"अव्वा, आई माझी, तर घरात अंडं येऊ देत न्हाई. शेडवरनं गेलो की आधी आंघोळ, मग चहा." गॉगलमागचे त्याचे डोळे बारीक झाले. तो हसत होता. "आणि तुमचं?"

"काय?"

"तुमी खाता का?"

"नाही."

"मग जमतंय की."

काय जमतंय, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काडी बाटलीत घातली आणि पुढची कोंबडी मागितली.

शेडचे नमुने दोनदा निर्दोष आले. तिसऱ्या खेपेला आम्ही तळ्यावर गेलो. विशाखाताई पलीकडच्या काठावर पक्ष्यांची विष्ठा गोळा करत होत्या. पाण्यावर बदकांचा थवा होता. रेवणसिद्ध बोटाने मोजत होता आणि मी लिहून घेत होते.

"मॅडम, सगळं असंच चांगलं येत राहिलं, तर तुम्ही यायच्या बंद होणार?"

"हो. तसंच व्हायला हवं."

"कुणाला हवं?"

मी कागदावरून मान वर केली नाही.

"एक विचारू?"

"विचारू नका," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कोरडा आला. "तुमच्या शेडच्या प्रत्येक कागदावर माझी सही असते. उद्या कुणी म्हणालं, मॅडमनी ओळखीच्या माणसाचा अहवाल चांगला पाठवला... मग माझ्या सहीला काय किंमत? आणि तुमच्या खरेपणाला?"

त्याने बोट पुन्हा बदकांकडे वळवलं.

"बरं," तो म्हणाला. "न्हाई विचारत. एकशे चौदा लिहा."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातला त्याचा फोन आला.

"मॅडम, चाळीस मेल्या."

मागे कुणीतरी ओरडत होतं. ते त्याचे चुलते, ईश्वरप्पा. "फोन कामून लावलास? ट्रक बोलावतो, दुपारपर्यंत सगळा माल सीमेपलीकडं जाईल. कुणाला कळतंय?"

"काका, मला कळतंय की," रेवणसिद्ध म्हणाला. मग पुन्हा मला, "तुम्ही या."

नमुने रवाना झाले. अहवाल यायला चार दिवस लागले. ते चारही दिवस तो शेडच्या फाटकासमोर बाज टाकून बसला. ईश्वरप्पांनी खरोखरच ट्रक आणला होता. तो फाटकापासून परत गेला. अहवाल आला तोवर साडेतीनशे कोंबड्या मेल्या होत्या.

आदेश निघाला. शेडपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट करायचे.

हे काम मी शिकले होते. तरीही आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी आमचं पथक पोचलं. जेसीबीने खड्डा तयार होता, चुन्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. रेवणसिद्ध किट घालून फाटकात उभा होता.

"शेवटचं खाद्य मी टाकू का?"

नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी मान हलवली. तो आत गेला, दोन्ही रांगांना खाद्य टाकून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही काम सुरू केलं. दुपारी तीनला संपलं.

गावात जास्त अवघड होतं. घरोघरच्या दहा-बारा गावठी कोंबड्या, प्रत्येकीला नाव. धुरपताबाईंनी दार लावून घेतलं होतं. माणसं जमली. "ह्याच्या शेडला रोग, आमच्या कोंबड्यांचा काय गुन्हा?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून काहीबाही बोलायला लागलं, तसा रेवणसिद्ध पुढे झाला.

"मॅडमला कुणी बोलायचं न्हाई. फोन मी केला. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

त्यांनी दिल्या. त्याने उभं राहून ऐकून घेतल्या. मग तो धुरपताबाईंच्या दाराशी खाली बसला.

"मावशी, तुमच्या नातवाच्या हातून त्या दाणे खातात. त्याला काही झालं तर?"

तो बसून राहिला. मीही थांबले. बऱ्याच वेळाने कडी वाजली, आणि धुरपताबाईंनी अकरा कोंबड्यांची पाटी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. वरून लुगडं झाकलं होतं. "मला दाखवू नको," एवढंच त्या म्हणाल्या.

तो ती पाटी दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे चालत आला. गॉगलच्या काचेआड त्याचे डोळे भरले होते आणि किटमुळे त्याला पुसता येत नव्हते. मलाही.

त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस मला हवा आहे.

पण नंतर रेवणसिद्ध बोलेनासाच झाला. पंचनाम्यावर सही केली, धुलाई-फवारणी केली. पंधरा दिवसांनी एकदा मी रिकाम्या शेडच्या तपासणीला जायचे, तेव्हा विचारलेल्याला 'हाव' नाहीतर 'न्हाई', एवढंच. कुठलाही विनोद नाही. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. मला वाटलं, त्याने माझ्याकडे फिरवली. वाटणारच, मीच तर त्याला तळ्यावर गप्प केलं होतं.

एप्रिलमध्ये विनंती बदल्यांचे अर्ज निघाले. मी अर्ज भरला आणि बाबांना फोन केला.

"मुखेड तर तुला आवडतं ना?" बाबांनी विचारलं.

"आवडतं. म्हणूनच मागतेय."

गणिताच्या माणसाला ही रीत पटली नाही. मग मी सगळं सांगितलं.

"लिंगायत म्हणालीस?"

"हो."

"कोंबड्यांचं शेड?"

"होतं. पुन्हा होईल."

"खातात का?"

"नाही बाबा. अंडंसुद्धा नाही. विकतात."

"हं..." बाबा म्हणाले. "आईला मी सांगतो. ती आधी चिडेल, मग विचारेल दिसायला कसा आहे. ते तू ठरवून ठेव."

मेमध्ये तीन महिन्यांची निगराणी संपली. रविवारी मी एसटीने गेले, फाट्यावर उतरून वडतळपर्यंत चालत. ऊन मी म्हणत होतं. रेवणसिद्ध शेडच्या भिंतीला चुना देत होता. मला पाहून त्याचा ब्रश हवेतच राहिला.

"जीप कुठाय?"

"रविवार आहे. हे घ्या. शेवटचा अहवाल. सगळं साफ. नवे पक्षी आणायला हरकत नाही. तुमच्या कागदावरची ही माझी शेवटची सही."

"शेवटची कामून?"

"बदली झाली. भोकरला."

चुना ब्रशवरून त्याच्या पायावर ठिबकत होता. त्याला कळलंच नाही.

"कुणी केली? गावातून तक्रार गेली का? मी उद्याच नांदेडला जाऊन साहेबाला भेटतो..."

"मी मागितली."

"हं." त्याने मान खाली घातली. "त्रास झालाच तुम्हाला इथं. बरं केलं."

"रेवणसिद्ध, जरा ऐकून घ्या. तुमच्या शेडच्या कागदांवर सही करणारी बाई तुमच्याशी लग्न करू शकत नाही. म्हणून मागितली."

त्याने ब्रश बादलीत ठेवला. ब्रश बादलीबाहेर पडला, तो पुन्हा ठेवला. मग पालथ्या डब्यावर मटकन बसला.

"मी बोलत नव्हतो," तो हळूच म्हणाला, "कारण गाव बघून राहिलं होतं. मला शिव्या देत होते ते चालत होतं. तुमचं नाव त्यात यायला नको होतं. घरी आलो की तुमच्याशीच बोलायचो... मनात."

"काय बोलायचा?"

"लई काय काय. आता उन्हात सांगू का सगळं?"

"मी साडेचारच्या गाडीने जाणार आहे. वेळ आहे."

तीन महिन्यांनी तो हसला. दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसानंतर मी ते हसू पहिल्यांदाच मास्कशिवाय पाहिलं, आणि तेही पाऊण हातावरून. आईला काय सांगायचं, ते तिथंच ठरलं.

"मालविका," त्याने नाव उच्चारून पाहिलं. मॅडम नाही, डॉक्टर नाही. "भोकर लई लांब हाय."

"नांदेडला गाडी बदलायची. चार तास."

"चार तास काय, दर रविवारी येतो. लग्नापतुर."

तेवढ्यात घराच्या बाजूने आवाज आला, "रेवण्णा, कोण आलंय रे?" त्याची आई, पार्वतम्मा, ओसरीवर येऊन डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. मला ओळखून त्यांचा चेहरा आक्रसला. "डॉक्टरीनबाई? आता काय राहिलंय न्यायचं?"

रेवणसिद्ध उठला. चुन्याचे हात धोतराच्या जुन्या फडक्याला पुसत म्हणाला, "अव्वा, ह्या सरकारी कामाला आल्या न्हाईत. माझ्यासाठी आल्यात."

पार्वतम्मांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घामाने चिकटलेले केस, धुळीने भरलेल्या चपला. चार महिन्यांत मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. रोगाच्या शेडवरून आलेल्या माणसाने ओलांडायचाही नसतो.

"मग उन्हात कामून उभी केलीस पोरीला?" त्या म्हणाल्या. "घरात आण. ताक केलंय."

मी चपला काढल्या आणि आत गेले.