दोन खोकी, एक झेंडा

न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये शनिवारी कुणीही खोक्यावर चढून हवं ते बोलावं; पोलिसांची अट एकच — शेजारी अमेरिकेचा झेंडा हवा. आणि १९३८च्या उन्हाळ्यात हायमन लास्कर पहिल्यांदाच भाषणाला उभा राहिला, तो नेमका झेंडा विसरून.

धोबीखान्यातल्या बायकांच्या संपावर तो बोलणार होता. मार्क्सवादी पोरगा, तोंड उघडतो न उघडतो तोच हवालदारानं मनगटच धरलं. समोरच्या कोपऱ्यावर सेल्मा कर्शनर सरकारच्या बेकारी विम्याचं कौतुक करत होती. ती उदारमतवादी, या क्रांतीवाल्यांशी तिचा उभा दावा. तरी तिनं आपला झेंडा उचलला आणि त्याच्या खोक्याला नेऊन टेकवला.

त्या झेंड्याखाली या पठ्ठ्यानं अर्धा तास उदारमतवाद्यांनाच झोडपलं. सेल्मा बिचारी ऐकत राहिली. झेंडाच नाही, तर बोलणार कशी?

"आभारी आहे," उतरल्यावर तो म्हणाला. कान लाल झाले होते. "पण तुम्ही लोक नुसतं गळकं छप्पर शाकारता. घरच पाडायला हवं."

"पाडा की. तोवर आतल्यांनी भिजायचं का?"

पुढच्या शनिवारी तो पुन्हा झेंडा विसरला. त्याच्या पुढच्याही. आधी तो बोले, मग ती, त्यामुळे एकमेकांचं ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. हळूहळू विम्याबद्दल त्याच्या तोंडून एखादा बरा शब्द निघू लागला, आणि ती धोबीखान्याच्या मालकांना धारेवर धरू लागली. आठवडाभर आपण शनिवारची वाट पाहतो, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरात त्याच्या गटातल्या फ्रीडाबाईंनी तिला गाठलं. "त्याला नवाकोरा झेंडा घेऊन दिलाय, पोरी. आता तुला ताप नाही."

म्हणजे आता तो आपल्याकडे फिरकणारही नाही, सेल्माच्या मनात आलं.

त्या शनिवारी भुरभुर पाऊस होता. हायमन आला, ओली टोपी हातात चुरगाळत. "सेल्मा... झेंडा देशील?"

त्याच्या कोटाच्या खिशातून नव्या काठीचं टोक डोकावत होतं.

"मग खिशात काय आहे?"

त्यानं ते टोक टोपीनं झाकलं. "मी तुमच्याविरुद्धच बोलणार, हे तुला ठाऊक होतं. तरी दिलास. माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं गं. तुझे आभार मानायला यायचं, तर... काहीतरी मागायला नको?"

सेल्मानं झेंडा त्याच्या हातात दिला. आपला हात मात्र तिनं काढून घेतला नाही.

"सभा झाली की कॉफी प्यायला चल," ती म्हणाली. "तिथं भांडायला झेंडा लागत नाही."