अक्रोडाच्या ओंडक्यातला लाल भुंगेरा

"थांबा!... कुऱ्हाड खाली ठेवा!"

बेगिमाय दचकली. चहाच्या समोवारसाठी सरपण फोडायला तिने जो ओंडका निवडला होता, त्याच्या पलीकडे एक तरुण पालथा पडला होता — केसांत पाचोळा, डोळ्याला भिंग.

"का? रान तुमच्या बापाचं आहे?"

"नाही. पण ओंडका याचा आहे."

त्याने भुसभुशीत लाकडाचा पापुद्रा अलगद उचलला. आत, बोटाच्या पेराएवढ्या कोनाड्यात, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल भुंगेरा झोपला होता. तरुणाचं नाव तिलेक. ओश शहरातल्या शाळेत मास्तर. या भुंगेऱ्याला अजून कुणी नावही दिलेलं नाही, म्हणाला. चार वर्षं अळी होऊन अंधारात काढायची, आणि पंख फुटले तरी वसंताची वाट बघत तिथेच राहायचं... बेगिमाय जन्मभर या रानात अक्रोड वेचत आली होती. ज्यावर बसून रोज चहा प्यायला, त्या लाकडात एवढं सगळं चाललं होतं? तिने कुऱ्हाड खाली ठेवली.

"माझं नाव देऊ नका हं, मास्तर. आई म्हणेल, पोरीचा किडा केला!"

तो लाजून कानापर्यंत लाल झाला.

बारा दिवस या ना त्या निमित्ताने तो अक्रोड वेचायला ठोकलेल्या त्यांच्या तंबूपाशी आला, आणि बोलला फक्त भुंगेऱ्यांबद्दल. आता हंगाम संपला. उद्या तंबू उठणार. परवा दुसऱ्या गावचे पाहुणे बेगिमायच्या कानांत डूल घालायला येणार. डूल घातले की मुलगी त्यांची झाली. आणि हा वेडा अजून गप्पच!

शेवटच्या दुपारी तिने भुंगेरा ओंडक्यावर उताणा ठेवला.

"लहानपणी आम्ही अशाच भुंगेऱ्यांना कौल लावायचो. उताणा ठेवला की टक् करून उडतो. पायांवर पडला तर हो, पाठीवर पडला तर नाही."

"काय विचारलंत?"

"ते मी आणि तो बघून घेऊ."

टक्! पाय न हलवता तो वीतभर उडाला... आणि पाठीवर पडला. पुन्हा टक्! पुन्हा पाठीवर. मग निपचित. तिने वर पाहिलं, तर तिलेकचा चेहरा तिच्याहून जास्त उतरलेला!

"तुम्हीपण विचारलंत?"

"हो... म्हणजे... तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून."

बेगिमायने करंगळीने भुंगेऱ्याला अलगद पायांवर उभं केलं.

"असं चालतं?" त्याने विचारलं.

"आमच्या रानात चालतं. आता याला आत झोपवा, आणि उद्याच तुमच्या आईला पाठवा. रिकाम्या हाताने नको... माझे कान परवापर्यंतच मोकळे आहेत."