छताला विचारून

"थांबा. छताला विचारल्याशिवाय आत जायचं नाही."

माझ्या पाठपिशवीचा पट्टा मागून कुणीतरी धरला होता. वळून पाहिलं तर हातात पहार, डोक्यावर दिव्याची टोपी आणि चेहरा असा, की जणू मीच सोनं चोरायला निघाले आहे. बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचा हा राखणदार. त्याला सगळे 'कानसेन' म्हणत. मी दगडांचा अभ्यास करणारी. खाण पुन्हा उघडता येईल का, ते बघायला आलेली.

"आणि काय म्हणतं तुमचं छत?"

त्यानं पहारीनं वर ठोकलं. खण्ण. "या म्हणतं. बद्द वाजलं, की उलट पावली परत."

दहा पावलं... ठोका. दहा पावलं... ठोका. मागचा उजेड नाण्याएवढा झाला, मग मोहरीएवढा, मग उरलाच नाही. भिंतीतून गारगोटीची पांढरी शीर चालली होती, कुठे हातभर, कुठे बोटभर. तिच्या मागं माणसं साठ वर्षं खाली खाली उतरत गेली. शेवटी पंप थकले आणि खालचे मजले पाण्यात बुडाले.

"आमचे आजोबा तिथंच आहेत," तो म्हणाला. बाजारात गेलेत, अशा सुरात.

बोलायचं म्हणून मी भिंतीतल्या पिवळ्या चमचमीकडे बोट दाखवलं.

"ते फसवं. खरं सोनं मिरवत नाही, गारगोटीत लपून बसतं. टनभर दगड फोडा, तेव्हा चिमूटभर."

"तुमच्यासारखंच की. तासाभरात चिमूटभर बोललात."

तो हसला. भीतीनं असेल, पण मी जरा जास्तच हसले. तेवढ्यात त्यानं ठोकलं. "या."

मी पाऊल उचललं... आणि तसंच हवेत धरलं. "पुन्हा ठोका बरं."

बद्द.

त्यानं मला मागं खेचलं आणि समोरचं छत खाली आलं. धुळीत दिवे दिसेनात. कुठला हात त्याचा, कुठला माझा, ते कळेना, कारण दोन्ही एकमेकांत होते.

परतताना तो दर पावलाला तीनदा ठोकत होता.

बाहेर उन्हात तो एका शिळेवर बसला. "उद्यापासून दुसरा माणूस बघा. बारा वर्षांत पहिल्यांदा कान चुकला."

"का चुकला?"

"तुम्ही हसलात..." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ते अजून वाजत होतं."

मी वही उघडली आणि लिहिलं: छत धोक्याचं, खाण बंदच ठेवावी. त्यानं डोकावून वाचलं.

"छताला कशाला बोल लावता? चूक माणसाची होती."

"सरकारी कागदावर माणसाला जागा नसते."

"आणि कागदाबाहेर?"

आतल्यापेक्षा मोठी भीती मला तेव्हा वाटली. मी वही मिटली.

"आहे," मी म्हटलं. "जरा सरकून बसा."