हिरवा उजेड कुणी पाहिला?

"माह्या नातवाले चोर म्हणून राहिले, मॅडम. सोमवारी त्याले कॉलेजातून काढतीन."

सत्यभामाबाई रामटेके करडी गावाहून पहिल्या बसनं भंडाऱ्याला आल्या होत्या. खुर्ची दिली तरी तिच्या कडेलाच टेकल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र खणखणीत. समोर बसलेली डिंपल लांजेवार खाजगी तपासाची कामं करायची. तिचे मामा यादोराव दाराशी वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली होती, आणि डोळ्यांच्या प्रत्येक तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा चटकन ओळखला होता. ही गोष्ट ते नव्या माणसाला हटकून सांगत. आता ते भाचीची गाडी चालवत आणि न विचारता मतं देत. मतं बहुतेक चुकत, गाडी मात्र कधी चुकली नव्हती.

"चोरी कायची?" डिंपलनं विचारलं.

"वहीची."

"वहीची?" यादोरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "वहीसाठी कोणाची नोकरी जाते का जी?"

सत्यभामाबाईंनी सगळं सांगितलं. नातू अश्विन साकोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. नोकरी कंत्राटी. तिथल्या प्रयोगशाळेला साकोलीचेच जुने शास्त्रज्ञ डॉ. भुपेंद्र कापगते यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. लेसर देशात नवा होता तेव्हा, पंचावन्न वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी मोठा शोध लावला होता. त्यांच्या हाताखाली स्फटिक कापायचं आणि घासायचं काम करणारे गोमाजी रामटेके हे सत्यभामाबाईंचे यजमान. दोन महिन्यांपूर्वी ते वारले. त्यानंतर अश्विननं प्राचार्यांना पत्र लिहिलं, आजोबांचंही नाव लावा म्हणून. आठ दिवसांत, समारंभासाठी मांडून ठेवलेली डॉक्टरांची प्रयोगांची वही गायब झाली.

"म्हणून तोच चोर," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बापाच्या माघारी आमीच वाढवलं त्याले. नाव गेलं तर कोण नोकरी देईन?"

डिंपलनं पर्स उचलली. "मामाजी, गाडी काढा."

प्राचार्य कैलाश बोरकर मनानं वाईट नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी प्रयोगशाळेतलं टेबल दाखवलं. टेबलावर आता दोनच वह्या उरल्या होत्या, एक विटकरी कापडाच्या पुठ्ठ्याची आणि एक काळी.

"तिसरी शेवाळी हिरवी. तीच महत्त्वाची," ते म्हणाले. "समारंभाच्या आमंत्रणपत्रिकेतही छापलं होतं, हिरव्या पुठ्ठ्याची ऐतिहासिक वही म्हणून. वह्यांवरच्या सालांच्या चिठ्ठ्या काल सकाळीच लॅमिनेशनला पाठवल्या होत्या."

"गेली केव्हा?"

"काल, शुक्रवारी दुपारी साडेतीन ते चार. आम्ही सगळे माझ्या खोलीत चहाला होतो. अश्विन बाजूच्या स्टोअरमध्ये खुर्च्या काढत होता. डॉक्टरसाहेब गुडघ्यामुळे इथंच थांबले, व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांना काही दिसलं नाही."

"एकच वही हलली?"

प्राचार्य जरा घुटमळले. "नाही. विटकरी वही व्हरांड्यातल्या खिडकीत सापडली. चोरानं आधी ती उचलली असावी. मग ती टाकून हिरवी नेली."

"चोर घाईत असन," यादोराव म्हणाले.

डिंपलनं विटकरी वही उघडली. पहिल्याच पानावर ठळक आकड्यांत १९७१ लिहिलेलं होतं. "अन् हिरवी?"

"एकोणसत्तर-सत्तरची. शोध त्यातच आहे." प्राचार्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. डॉक्टरांची मुलगी रीता हिनं त्या प्रसिद्ध पानाचा काढलेला. बारीक, सुबक इंग्रजी अक्षर. वेळ, तापमान, लेसरची शक्ती आणि उजेडाचा रंग असे रकाने. डिंपलनं फोटो बोटांनी मोठा केला.

"रंगाच्या रकान्यात प्रत्येक नोंदीपुढे मराठीत 'गो.' लिहिलं आहे. बाकी कुठल्याच रकान्यात नाही."

"गोमाजी हजर होता एवढंच त्यावरून कळतं," प्राचार्य म्हणाले. "बिचाऱ्याचा पुढं अपघात झाला. संरक्षक चष्मा न लावता पाहिलं आणि उजवा डोळा गेला. चौकशीत त्याचाच निष्काळजीपणा ठरला होता."

अश्विन कॅन्टीनच्या मागे बाकावर एकटाच बसला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, पण एका रात्रीत पार वाळून गेल्यासारखा दिसत होता.

"मी वही कायले चोरू, मॅडम? माझ्या आबाचा एकमेव पुरावा तीच होती."

"शोध काय होता, मामाजीले समजन असं सांग बरं."

अश्विनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला. "माणकाच्या कांडीतून निघणारा लाल लेसर कॅडमियम सल्फाइडच्या स्फटिकावर सोडायचा. साध्या लाल उजेडात एवढा जोर नसतो की तो स्फटिकातून हिरवा उजेड काढेल. पण लेसर इतका दाट असतो की स्फटिक प्रकाशाचे दोन लाल कण एकदमच गिळतो, आणि मग हिरवा चमकतो. लाल आत जातो, हिरवा बाहेर येतो. सगळा शोध त्या हिरव्यात आहे."

"अन् संरक्षक चष्मा कसा असायचा?"

"निळसर-हिरव्या काचेचा. लाल अडवायला."

"म्हणजे तो लावला की सगळंच हिरवट दिसन."

"हो. आबा फार काळजीचा माणूस होता, मॅडम. चष्मा विसरणारा नव्हता." तो बाकावरून उठला. "सत्तर साली नोकरी सोडून करडीला परत आला. एका डोळ्यानं सुतारकाम करत राहिला. त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही."

डॉ. कापगत्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. त्र्याऐंशी वर्षांचे डॉक्टर ओसरीवर जुना रेडिओ उघडून बसले होते. रेडिओतल्या प्रत्येक तारेला पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या. एका तारेला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"तारा तर रंगीत आहेत जी," यादोराव म्हणाले. "मग गाठी कायले?"

"सवय," डॉक्टर म्हणाले.

रीतानं चहा आणला. वह्या तिनंच कॉलेजला दिल्या होत्या, तेही वडील गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला होते तेव्हा. "बाबांना सरप्राइज द्यायचं होतं. पण परत आल्यावर ते कुणाशी धड बोललेच नाहीत. अश्विनचं पत्र वाचून तर दोन दिवस जेवले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाच्या श्रेयावर कुणी हक्क सांगायचा म्हणजे काय!"

"अश्विनविषयी तुमचं काय मत आहे, डॉक्टरसाहेब?" डिंपलनं विचारलं.

डॉक्टरांनी रेडिओतलं डोकं वर केलं नाही. "पोरगा हुशार आहे. गोमाजीवर गेलाय."

"चोर आहे?"

डॉक्टरांनी हातातली तार सोडली. मग काठी टेकत उठले. "थांबा, परसात टमाटे लागले आहेत. थोडे न्या."

त्यांनी प्रत्येक टमाटा दाबून आणि हुंगून तोडला आणि खांद्यावरच्या झोळीतून आणला. गाडीत बसल्यावर यादोरावांनी पिशवी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अर्धे कच्चेच! पिकलेले घरात ठेवून हे आपल्याले दिले. मोठी माणसं अन् लहान मन!"

डिंपलनं एक कच्चा टमाटा हातात घेतला आणि साकोली मागं पडेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मामाजी, उद्या सगळ्यांना डॉक्टरांच्या ओसरीवर बोलवा. सत्यभामाबाईंनाही घेऊन या."

"पोट्ट्यानंच घेतली ना? मले तर वाटते, आजाच्या नावासाठी..."

"मामाजी, तुम्ही गाडी चालवा."

रविवारी सकाळी ओसरीवर सगळे जमले. अश्विन आजीच्या मागं उभा होता. प्राचार्य घड्याळ पाहत होते. डॉक्टर आरामखुर्चीत होते, आणि रीता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"चोरानं एक चूक केली," डिंपलनं सुरुवात केली. "आधी विटकरी वही उचलली. ती व्हरांड्यात नेऊन उघडली, एकाहत्तर साल पाहिलं, खिडकीत ठेवली, आणि परत येऊन हिरवी नेली. का? हिरवी हवी हे आमंत्रणपत्रिका वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. अश्विन तर त्या वह्या रोज हाताळत होता. तो चुकलाच नसता."

"मुद्दाम केलं असेल," प्राचार्य म्हणाले. "फसवायला."

"कुणाला? विटकरी वही टेबलावर असती तर तिच्याबद्दल कुणी विचारलंही नसतं. नाही सर, ती खरी चूक होती. चिठ्ठ्या काढलेल्या होत्या. बाजूच्या स्टोअरमधून खुर्च्यांचा आवाज येत होता, म्हणून टेबलापाशी वही उघडून बघायची सोय नव्हती. तिन्हींपैकी काळी नको हे त्याला कळत होतं. पण विटकरी कोणती आणि हिरवी कोणती, हे त्याच्या डोळ्यांना कळत नव्हतं."

यादोरावांनी हातातला कप खाली ठेवला. तीस वर्षं त्यांनी ते ठिपके वाचले होते, आणि हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काही माणसांना लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. अशा माणसाला रेडिओच्या तारांना गाठी माराव्या लागतात. टमाटा दाबून, हुंगून तोडावा लागतो, तरी अर्धे कच्चे निघतात." डिंपलचा आवाज खाली आला. "आणि वहीत रंगाच्या प्रत्येक नोंदीपुढे, फक्त रंगाच्या नोंदीपुढे, पाहणाऱ्याची खूण करावी लागते. डॉक्टरसाहेब, चाचणी नको घ्यायला. तुम्हीच सांगा."

यादोरावांना वाटलं होतं, भाची आता दोन टमाटे पुढं धरील. तिनं तसं केलं नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं.

"बाबा?" रीताचा हात खांद्यावरून निघाला.

डॉक्टर काठीच्या मुठीकडे पाहत बोलले. "मला हिरवा कधीच दिसला नाही. कळलं असतं तर प्रकाशाच्या प्रयोगशाळेत कुणी मला उभं केलं नसतं. पहिल्या आठवड्यातच गोमाजीच्या ते लक्षात आलं. म्हणाला, साहेब, तुम्ही मोजा, मी पाहतो. गणित माझं होतं. डोळे त्याचे होते."

"आणि शोधनिबंधावर नाव?" अश्विननं विचारलं.

"माझं एकट्याचं."

"अपघात सत्तरचा, म्हणजे त्या दिवसाचं पानही याच वहीत असणार. वही नेली ती त्या पानामुळे, असं मला वाटतं," डिंपल म्हणाली. "काळजीचा माणूस चष्मा काढतो, कारण हिरवट काचेतून खरा रंग ओळखता येत नाही. आणि कुणाला तरी तो रंग नक्की हवा होता."

डॉक्टरांनी मान हलवली. "संध्याकाळ झाली होती. मी म्हटलं, एकदाच चष्मा काढून बघ, अजून हिरवाच आहे ना? लाल किरण स्फटिकाच्या कडेवरून उलटला. ते मी तेव्हाच वहीत लिहिलं, सवयीनं. चौकशीत मात्र म्हणालो, यानं आपल्या मनानं चष्मा काढला. गोमाजी तिथंच उभा होता, डोळ्याला पट्टी बांधून. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, हो, माझीच चूक."

डॉक्टर खुर्चीत सरळ बसले.

"ते पान कुणी वाचू नये, आणि वही नसली तर समारंभही रद्द होईल, एवढंच मनात होतं. अश्विनवर येईल असं वाटलं नव्हतं. आलं, तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. दुसऱ्यांदा." ते रीताकडे वळले. "तांदळाच्या कोठीत आहे. आण."

रीता रडत आत गेली आणि वही घेऊन आली. प्राचार्यांनी अश्विनपुढे हात जोडले, त्याला काढायची उद्याची बैठक होणार नाही, असं काहीतरी पुटपुटले. डॉक्टरांनी त्यांना कागद मागितला आणि तिथंच गुडघ्यावर ठेवून सगळं लिहून सही केली. प्रयोगशाळेला गोमाजी रामटेक्यांचं नाव द्यावं, असंही लिहिलं. मग काठी सोडून, खांबाला धरत ते सत्यभामाबाईंसमोर उभे राहिले.

"बाई, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."

सत्यभामाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि यादोरावांना तेच सहन होईना.

"नातू सुटला, माहं काम झालं," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी पाहा. पण मी त्याईले उभा जनम बोलली, साहेब. डोळा गेला, नोकरी गेली, तुमच्या बेफिकिरीनं लेकरं उपाशी राह्यली, असं रोज बोलली. जेवाच्या ताटावर बोलली. त्याईनं एका दिवशी उलटून म्हटलं नाही, का माही चूक नोहोती म्हणून. मरतानाही माही बोलणी घेऊनच गेले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमाले माफी मांगाले मी तरी आहे. मी कोणाले मांगू?"

अश्विननं आजीला धरून पायऱ्यांवरून उतरवलं, आणि यादोराव गाडीचं दार उघडायला पुढं झाले.