खिळ्यावरचा बिल्ला

दुपार कलली तेव्हा देवेंद्र छापखान्यातून बंद पाकीट घेऊन गिरणीच्या फाटकात शिरला. परदेशातल्या ग्राहकाची सूचना होती की, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात फोटोचे ओळखपत्र हवे. ती तयार होऊन आली होती.

फाटकावरचे चौकीदार प्रतापराव तुळशीच्या माळेवरून बोटे न थांबवता म्हणाले, "काय भिया, पोहे आणले का?"

"नाही काका, गळ्यात अडकवायची कार्डं आहेत."

"अच्छा! आमच्या वेळी बैलांना घालायचे."

दोघेही हसले. इंदूरच्या त्या गिरणीचा भोंगा बंद पडून बरीच वर्षे झाली होती. यंत्रे भंगारात गेली, कामगार पांगले. आणि कापड तपासायच्या दालनात पियुष नावाच्या होतकरू मालकाने संगणक मांडले. मागची भिंत मात्र जुनीच होती. तिच्यापलीकडे कार्डिंग खाते, म्हणजे कापूस पिंजायच्या यंत्रांचे लांबलचक ओसाड दालन. भिंतीला दार एकच, आणि दाराशेजारी पितळी खिळ्यांची रांग.

त्या खिळ्यांना नव्या कामातही उपयोग सापडला होता. मूळ फाइली युनिक्स प्रणालीच्या वेगळ्या संगणक-यंत्रात असत आणि ते देवेंद्र सांभाळी. तिथे कुणी फाइल दुरुस्तीला घेतली की तिला त्याच्या नावाचे कुलूप लागे. पण बाकीची मंडळी विंडोजवर काम करीत आणि तिथून ते कुलूप दिसतच नसे. एकाने घेतलेली फाइल दुसरा बिनदिक्कत उचली आणि पहिल्याच्या कष्टांवर पाणी फिरे. दोन यंत्रे एका घरात राहून एकमेकांशी अबोला धरून होती. शेवटी प्रतापरावांनी डब्यातून गिरणीचे जुने पितळी बिल्ले काढून दिले. ज्याच्या हाती फाइल, त्याचा बिल्ला खिळ्यावर. बिल्ल्याचा आकडा हेच त्याचे युनिक्सवरचे नाव; यंत्र सांभाळणारा देवेंद्र तेवढा स्वतःच्या नावाने असे.

"ही आमचीच रीत," ते म्हणाले होते. "फिटर यंत्राच्या पोटात उतरला की बिल्ला खिळ्यावर लावायचा. बिल्ला आहे तोवर यंत्र फिरवणारा पट्टा चढवायचा नाही. आणि ज्याने लावला, त्यानेच काढायचा."

हे सांगताना त्यांनी देवेंद्रकडे पाहिले नाही. देवेंद्रचे वडील मालोजीराव याच खात्यात फिटर होते. सत्तर सालच्या पहिल्याच दिवशी, पहाटेच्या पाळीत, ते यंत्रात उतरले असताना कुणीतरी त्यांचा बिल्ला काढला. जॉबरने, म्हणजे पाळीच्या मुकादमाने, खिळा रिकामा पाहिला आणि पट्टा चढवला. जो देह हाती आला तो ओळखण्याजोगा उरला नव्हता. बिल्ला कधीच सापडला नाही. देवेंद्र तेव्हा आईच्या उदरात होता. बिल्ला काढणाऱ्याला प्रतापरावांनी पाठमोरे पाहिले होते म्हणत. पण विचारले की ते टाळ उचलीत आणि भजनाला लागत.

देवेंद्रने निळ्या फितींची कार्डे वाटली, आपले गळ्यात घातले. तोच पियुष भिंतीजवळून ओरडला, "देवेंद्रजी, ये दोसौ सतरा किसका है?"

खिळ्यावर एक बिल्ला लटकत होता. काळपट, तेलाने ओला. हा आकडा कुणालाच दिलेला नव्हता. देवेंद्रने युनिक्सच्या यंत्राला विचारले. मुख्य फाइलीला कुलूप होते आणि धन्याचे नाव होते दोनशे सतरा. अशा नावाचा वापरकर्ता त्या यंत्रात नव्हताच.

"कुणी मजाक केली असेल," पियुष म्हणाला. "तोडा ते कुलूप. आज फाइल गेली नाही ना, तर पार्टी दुसरीकडे जाईल. मग इथंही ताला. तुमच्या घराला दुसऱ्यांदा गिरणी बंद झालेली पाहायची आहे का?"

तो घाव वर्मी बसला. देवेंद्रने राजेंद्र नगरला घरी फोन लावला.

"आई, उशीर होईल जरा. आणि... बाबांचा बिल्ला कितीचा होता गं?"

इंदुमतीबाई सांजवातीची तयारी करीत असाव्यात. घंटेचा बारीक नाद झाला आणि थांबला.

"दोनशे सतरा. का रे?"

"सहजच."

"सहज कोण विचारतं असलं? गिरणीनं पोटली दिली तीत बिल्ला नव्हता. होती एक चिंधी, तीही ह्यांच्या कपड्यातली नव्हे. अजून ट्रंकेत आहे." मग आवाज उतरला. "देवा, तिथं कुणाचा बिल्ला लावलेला असला ना... तू काढू नकोस."

"नाही काढत," तो म्हणाला.

आणि फोन ठेवून तो खिळ्याशी गेला. भिंतीपलीकडून कच्च्या कापसाचा, उकळत्या तेलाचा वास येत होता. वास्तविक तिथे जळमटांवाचून काही उरले नव्हते. त्याने बिल्ल्याला हात लावला. पितळ कोमट होते, देहाइतके कोमट. मनात नामाचा उच्चार करायचा होता. पण त्या क्षणी जिभेवर नाम येईना. त्याने बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

मग युनिक्सवर कुलूप तोडण्याची आज्ञा दिली. दुसऱ्याचे कुलूप तोडताना ते यंत्र कारण विचारते. कारण लिहून झाले की शेवटच्या ओळीत एकटा ठिपका द्यायचा. देवेंद्रने लिहिले, 'हा माणूस हयात नाही.' आणि ठिपका दिला.

कुलूप निघाले. फाइल विंडोजवर उतरली, दुरुस्त होऊन परत चढली, सातासमुद्रापार गेली. पियुषने टाळी वाजवली, "देखा? खाली-पिली घाबरवता!" आणि मंडळी घरोघर निघाली.

आवराआवर करताना देवेंद्रने नोंद पाहिली. कुलूप तोडणारा, देवेंद्र. तारीख, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. वेळ, पहाट.

त्याला कारण ठाऊक होते. यंत्राच्या घड्याळाची बॅटरी संपली की युनिक्सचा काळ आपल्या आरंभाला जातो, आणि तो आरंभ त्या पहाटेचाच आहे. शाळकरी पोरालाही समजावता येईल असे कारण. तरी त्याने दिवे मालवताना त्या भिंतीकडे पाहिले नाही.

दिवेलागण झाली होती. फाटकात प्रतापराव कंदील लावीत होते. देवेंद्र उजेडात आला आणि त्यांच्या हातातली काडी तशीच जळत राहिली.

"हे... काय आहे गळ्यात?"

"दुपारचं पाकीट, काका. ओळखपत्र."

"निळी फीत," ते पुटपुटले. "त्या पहाटे त्याच्या पाठीवर अशीच... मानेशी चौकोनी गाठ. मी म्हटलं, कुणी नवा साहेब असेल. त्यानं बिल्ला काढला, खिशात टाकला आणि निघाला..." काडीने बोट भाजले तेव्हा ते भानावर आले. "देवा, तू वळू नकोस. तो वळला होता, परत आत गेला होता."

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी चामड्याच्या पट्ट्याची एक संथ फडफड. मग दुसरी. मग अवजड लोखंड फिरू लागल्याची ती घरघर, जी या भिंतींनी वर्षानुवर्षे ऐकली नव्हती. आणि घरघरीच्या पोटातून एक माणूस, अगदी शांतपणे, जणू शेजारच्याला विचारावे तसा...

"अरे, बिल्ला लावलाय ना मी?"

देवेंद्रने तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. तरी तो वळला.

"नको!" प्रतापरावांनी त्याची फीत धरली. पण त्याने हिसडा दिला आणि तो धावला. ते कंदील घेऊन मागोमाग दालनाच्या उंबऱ्यापर्यंत आले. त्या उजेडात त्यांना एवढेच दिसले की, दाराशी क्षणभर थांबून त्याने गळ्यातले काहीतरी काढले, खिळ्याला लावले, आणि तो आत उतरला.

घरघर थांबली.

सकाळी मंडळी आली. पलीकडच्या दालनात धुळीवर पावलांची एकच रांग होती, आत जाणारी, आणि मध्येच संपलेली. युनिक्सवर त्या फाइलीला देवेंद्रच्या नावाचे कुलूप होते. पियुष खुर्चीवर बसला, आज्ञा टंकली, यंत्राने कारण विचारले. कारण न लिहिताच तो उठला. त्याने ठिपका दिला नाही. महिन्याभरात त्याने जागा सोडली.

खिळ्यावर ओळखपत्र तसेच आहे. प्रतापराव रोज संध्याकाळी तिथे टाळ घेऊन बसतात, कुणाला जवळ येऊ देत नाहीत.

इंदुमतीबाई एकदाच आल्या. त्यांनी फितीला हात लावला नाही. फक्त निरांजन वर धरले. फीत गाठीपाशी तुटलेली होती, बोटभर तुकडा कमी होता. प्रतापरावांना वाटले, आपल्याच ओढण्याने तुटला असेल. पण तुकडा त्यांच्या हाती आला नव्हता.

बाईंनी पदराची गाठ सोडली. आतली चिंधी विटलेली, तेलाने कडक झालेली होती. ज्योतीपाशी नेली तेव्हा तिचा रंग उमटला. निळा. त्यांनी ती फितीच्या तुटक्या काठाशी धरली. धागा धाग्याला लागला.

"प्रतापराव," बाई फार हळू म्हणाल्या, "मी त्या वेळी नर्मदेत कुणाच्या अस्थी सोडल्या?"

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकले. मग एक पाऊल वाजले... आणि त्याच्या मागे दुसऱ्याचे.