कोरी पट्टी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डाव्या हातावर चिकटपट्टीचे सात तुकडे होते. मी मनात म्हटलं, हा माणूस आहे की पार्सल?

तो केसांचं क्रीम बनवायचा. त्याच्या छोट्या प्रयोगशाळेत मी आईला घेऊन गेले होते. आजारपणानंतर तिचे केस परत आले होते, पण कोरडे, गुंतलेले. कंगवा लावला की तुटायचे. मग तिने कंगवाच सोडला. डोक्याचा रुमाल घरातही सुटेना.

"यात काय घालता?" मी तिथली क्रीमची बाटली त्याच्यापुढे केली.

"पॉलिक्वाटर्नियम. कारखान्यात बनतं. खराब केसाला धरून बसतं, गुंता सोडवतं. रेणू मोठा असतो, त्वचेत सहसा शिरत नाही."

"सहसा?"

"म्हणून तर आधी हातावर लावायचं... दोन दिवस."

"माझ्या हातावर लावा. आईला त्रास नको."

"तुमचा हात तुमचंच उत्तर देईल," तो म्हणाला. माझ्याकडे बघत... जरा जास्तच वेळ. मग आईच्या हातावर क्रीमची पट्टी लावली.

दोन दिवसांनी पट्टीखाली लालभडक चौकोन निघाला.  आईने रुमालाची गाठ तेवढी घट्ट केली.

त्याचा चेहरा उतरला. "काकू, चूक माझी. शेजारी एक कोरी, क्रीम नसलेली पट्टी लावायची असते. ती विसरलो. आता हे क्रीममुळे की चिकटपट्टीमुळे, सांगता येत नाही."

"याआधी कधी विसरला होतास?" आईने विचारलं.

"सहा वर्षांत नाही."

डॉक्टरांना विचारून, लाली गेल्यावर दुसऱ्या हातावर दोन पट्ट्या लागल्या. पुन्हा दोन दिवस. या वेळी कोरी पट्टीही तेवढीच लाल! मग चिकटपट्टीशिवाय नुसतं क्रीम लावून पाहिलं. कातडी स्वच्छ.

तिथल्याच बेसिनपाशी आईने रुमाल सोडला. मी क्रीम लावलं, धुतलं, भीत भीत कंगवा फिरवला. तो अडला नाही. आईने डोळे मिटून घेतले. "थांबू नकोस गं," एवढंच म्हणाली.

तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, वहीत डोकं घालून. मी वाकून पाहिलं. चुकांची वही होती.

चूक: कोरी पट्टी राहिली. कारण: लक्ष विचलित.

"कशाने?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. पट्टी न लावताच!

"सांग की रे," आई डोळे न उघडता म्हणाली, "मलाही कळू दे, माझा हात कुणापायी लाल झाला."

"काकू... यांच्यामुळे."

वहीतला शेवटचा रकाना रिकामा होता: 'कारण दूर केलं का?'

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि लिहिलं, 'नाही. करूही नये.'