कालव्याकडचा कोपरा

रोवीना हार्डकॅसल आठवडाभर टपाल वाटायची आणि शनिवारी फुटबॉलचे सामने चालवायची. सामनेही असे की खेळणाऱ्यांत कुणी गवंडी, कुणी मास्तर, आणि बघायला फार तर शंभर-सव्वाशे माणसं. त्या डिसेंबरात तिला हॅगथॉर्पच्या मैदानावर पाठवलं. तिथे ती आधी कधी गेली नव्हती.

मैदान होतं कालव्याला लागून. पत्र्याचा एक मांडव, चहाची टपरी, आणि रेफ्रीसाठी एक कोंदट खोली, जिच्यात कायम ओल्या चामड्याचा वास भरलेला. क्लबचे सेक्रेटरी क्लिफर्ड ओट्स यांनी चहाचा मग स्वतः आणून दिला, पण जायचं नाव घेईनात. शेवटी म्हणाले, "धुकं आलं, तर कालव्याकडच्या कोपऱ्यातून शिट्टी ऐकू येईल. लक्ष देऊ नकोस, पोरी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी एका रेफ्रीनं धुक्याचं कारण देऊन इथला सामना अर्ध्यावर थांबवला होता. हॅगथॉर्प जिंकत होतं, अजिंक्यपद दहा मिनिटांवर आलं होतं. लोकांनी त्याला फाटकापर्यंत शिव्या घातल्या. तो कालव्याच्या काठानं चालत निघाला आणि घरी पोचलाच नाही. तेव्हापासून धुक्यात शिट्टी वाजते आणि खेळाडू मैदान सोडतात. या मोसमात दोन सामने असेच वाया गेले होते. तिसरा गेला, तर क्लबला लीगमधून काढणार होते.

"माझ्या आजोबांनी हे मैदान फावड्यानं सपाट केलंय," क्लिफर्ड म्हणाले.

रोवीनानं बुटांच्या नाड्या आवळल्या. भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या दारांत तिनं वीस वर्षं पत्रं टाकली होती. शिट्टीला घाबरून चालणार नव्हतं.

मध्यंतरापर्यंत सगळं ठीक चाललं. मग कालव्यावरून धुकं उठलं, कुंपणाखालून आत सरकलं आणि गवतावर पसरलं. आधी मांडव दिसेनासा झाला, मग बघायला आलेली माणसं. त्यांचं खोकणं तेवढं ऐकू येत राहिलं. एकसष्टाव्या मिनिटाला शिट्टी वाजली. लांब, तीनदा. सामना संपल्याची.

चेंडू कुणाच्या तरी पायापाशी थांबला. हॅगथॉर्पच्या गोलकीपरनं हातमोजे काढायला सुरुवात केली. पाहुण्यांचा कप्तान फाटकाकडे वळलासुद्धा.

"ती माझी नव्हती," रोवीना म्हणाली. "हातमोजे घाल. खेळा."

खेळ सुरू झाला. दोन मिनिटांत पुन्हा तीच शिट्टी, या वेळी जवळून. आता कुणीच हललं नाही. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. बजावून उपयोग नव्हता, हे तिला कळलं. कुणीतरी तिकडे जायला हवं होतं, आणि मैदानावर तो अधिकार तिचाच होता.

ती चालत गेली. कोपऱ्यापाशी शेवाळाचा आणि भिजल्या लोकरीचा वास आला. कोपऱ्यातल्या झेंड्याशेजारी एक माणूस पाठमोरा उभा होता. जुन्या काळचे रेफ्री घालत तसा काळा सदरा, पांढरी कॉलर. बाह्यांतून पाणी ठिबकत होतं, थांबतच नव्हतं.

"सामना माझा आहे," ती म्हणाली.

"दिसत नाही काही… पोरं आदळतील एकमेकांवर… संपव."

तिनं मागे वळून पाहिलं. धुकं जरा विरळ झालं होतं. एका टोकाला गोलचे खांब, दुसऱ्या टोकालाही. पुसट, पण होते.

"दोन्ही गोल दिसले तर खेळ चालतो. नियम आहे. मला दिसतायत."



"त्या दिवशी मलाही दिसत होते…" तो म्हणाला.

रोवीनानं खिशातून ताकिदीचं पिवळं कार्ड काढलं आणि त्याच्या पाठीमागे उंच धरलं. "माझ्या सामन्यात शिट्टी मी वाजवते. पुन्हा वाजवलीस तर मैदानाबाहेर काढीन."

तो वळला नाही. धुकं दाटलं, विरळ झालं, आणि झेंड्यापाशी फक्त ओलं गवत उरलं.

ती परत आली, चेंडू खाली ठेवला, शिट्टी फुंकली. उरलेला अर्धा तास ती फुंकत राहिली. ऑफसाइडला, धक्काबुक्कीला, आणि शेवटी तीनदा. खणखणीत. हॅगथॉर्प दोन गोलांनी हरलं, तरी धुक्यातून लोक जिंकल्यासारखे ओरडले. क्लिफर्डनी तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

खोलीत येऊन तिनं मनगटाला बांधलेली शिट्टीची दोरी सोडवली. शिट्टी नेहमीपेक्षा जड लागली. दिव्याखाली धरून पाहिलं, तर आत खुळखुळणारा बुचाचा दाणा नव्हताच. तोंडापासून भोकापर्यंत काळा गाळ ठासून भरला होता. वर्षानुवर्षं तळाशी पडलेल्या वस्तूत भरतो तसा, घट्ट, दगडासारखा. तिनं ओठांना लावून फुंकलं. वारासुद्धा पलीकडे गेला नाही.

बाहेर लोक अजून गात होते.

मग तिनं अहवालाचा कागद पुढे ओढला आणि दाबून लिहिलं : सामना पूर्ण नव्वद मिनिटे झाला. शेवटची शिट्टी रेफ्रीने वाजवली.

कोणत्या रेफ्रीनं, ते तिनं लिहिलं नाही. खाली सही करताना तिचा हात जरासा थांबला, पण सही तिनं केली.